नारळ हातात पडल्यावर

2009 च्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. चाकणच्या बाजूला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी स्टोअर्स सांभाळायचो. मंदीचं वर्ष होतं, आमच्या शिफ्टमधल्या बऱ्याच जणांना एकाच आठवड्यात नारळ मिळाला. पुढच्या दहा-बारा दिवसांत जे जे भेटले, ते सगळे भले लोक होते, आणि बहुतेकांनी तेच सांगितलं: जे होतं ते चांगल्यासाठीच. मी मान हलवायचो. घरी येऊन सिलिंडर किती दिवस पुरेल याचा हिशेब करायचो.

आमच्याच मजल्यावर नाना राहायचे, एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी असलं काही म्हटलं नाही. एका संध्याकाळी नातीची अर्धी कोरी वही घेऊन आले, जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाले, "पगाराच्या स्लिपा काढ. बँकेचं पासबुक काढ. आणि सूनबाई, तुम्ही पण बसा इथे." दोन तास आम्ही तिघं त्या वहीवर वाकलो होतो. आकडे काही सुखाचे नव्हते. तरी त्या रात्री मला पंधरा दिवसांत पहिल्यांदा सलग झोप लागली.

नोकरी गेलेल्याने काय करावं यावर पुष्कळ लिहिलं जातं. हा लेख नानांच्या जागी असलेल्यांसाठी आहे, म्हणजे त्या माणसाचा भाऊ, मेहुणा, मैत्रीण, शेजारी, जुना सहकारी यांच्यासाठी. आपल्याला वाटतं, धीर द्यायचा म्हणजे चार चांगले शब्द बोलायचे. पण त्या माणसाकडे शब्दांचा तोटा नसतो, दिवसभर त्याच्या डोक्यात शब्दच चाललेले असतात. कमी पडतं ते त्याच्या कागदांसमोर न घाबरता बसणारं दुसरं माणूस.

आधी बोलण्याचं उरकून घेऊ. "बघू, माझ्या ओळखीत कुणीतरी आहे" हे वाक्य फुकट वापरू नका. तुम्ही ते सहज म्हणता आणि तो माणूस चार दिवस फोनकडे बघत बसतो. ओळख असेल तर त्याच्यासमोरच फोन लावा, नसेल तर गप्प राहणं बरं. "काही जमलं का?" हेही रोज विचारू नका. जमलं तर तो स्वतःच सांगणार आहे, आणि जमलं नाही हे रोज उच्चारायला लावण्यात कसली माया? लग्नकार्यात तर हा प्रश्न ताटावर वाढल्यासारखा पंगतीभर फिरतो. त्यापेक्षा "रविवारी चहाला येतो" म्हणा आणि खरंच जा.

आणि दोष त्याच्या पदरात टाकू नका. जुलै 2025 मध्ये टीसीएससारख्या कंपनीने मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. एवढ्या सगळ्यांना एकाच तिमाहीत काम येईनासं झालं असेल का? "तू जरा सर्टिफिकेशन करायला हवं होतंस" हा सल्ला खरा असला तरी पहिल्या महिन्यात देऊ नये.

एक गोष्ट मात्र पहिल्याच भेटीत विचारा: घरी सांगितलंय का? काही जण आठवडेच्या आठवडे डबा घेऊन नेहमीच्या वेळी निघतात आणि दिवसभर बागेत नाहीतर एखाद्या मॉलमध्ये बसून परततात. बायकोला, आईला काळजी नको म्हणून. मी स्वतः तीन दिवस हे केलंय. चौथ्या दिवशी डबा न उघडता परत आणला आणि बायकोने ओळखलं. तुमच्या माणसाने सांगितलं नसेल तर सांगताना सोबत बसायची तयारी दाखवा. घरात गुपित असताना खर्च कमी करता येत नाही. किराण्याची यादी करणाऱ्या माणसालाच माहीत नसेल तर यादी छोटी होणार कशी?

आता कागद. शक्य असेल तर शेवटचा दिवस उजाडायच्या आतच याला लागा.

हल्ली अनेक ठिकाणी माणसाला काढत नाहीत, राजीनामा लिहून घेतात. एका खोलीत बोलावतात, समोर कागद असतो, "सही केलीस तर रेकॉर्ड स्वच्छ राहील" असं सांगतात. तुमच्या माणसाचा त्या खोलीतून फोन आला तर एवढंच सांगा, आज सही करू नकोस, एक दिवस मागून घे. कायद्याने जो 'कामगार' ठरतो आणि ज्याची सलग वर्षभर नोकरी झाली आहे, त्याची कपात करताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागतं. स्वतःहून राजीनामा दिला की ही भरपाई मागायचा पायाच जातो. पर्यवेक्षक, व्यवस्थापक, आयटीतली पदं यांत कोण कामगार ठरतो हा वकिलाला विचारायचा प्रश्न आहे. ते शंभर-दोनशे रुपयांचं काम नाही, पण ती फी तुम्ही भरलीत तर ती हजार दिलाशांपेक्षा मोलाची ठरेल. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करायला मात्र वकील लागतोच असं नाही.

ग्रॅच्युइटीचं गणित बहुतेकांना येत नाही, म्हणून इथे करून दाखवतो. कायमस्वरूपी नोकरीत सलग पाच वर्षं झाली असतील तर शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता घ्यायचा, त्याला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि मग वर्षांनी गुणायचं. मूळ आणि भत्ता मिळून 26,000 असेल तर एका वर्षाचे 15,000 होतात. सात वर्षं आठ महिने नोकरी झाली असेल तर सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे आठ वर्षं, म्हणजे 1,20,000 रुपये. ही रक्कम तीस दिवसांत द्यायची असते आणि ती कुणाची मेहरबानी नसते. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्यालाही वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे आणि काढलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या माणसाचं थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत देण्याची तरतूद आहे. 'फुल अँड फायनल दीड महिन्याने बघू' असं सांगणाऱ्या एचआरला हे नम्रपणे, ईमेलवर, लेखी विचारावं.

ज्याच्या पगारातून ईएसआय कापला जात होता, म्हणजे साधारण 21,000 पर्यंत वेतन असणारे, त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त नव्वद दिवस, सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम मिळते. योजनेची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवत नेली जाते, तेव्हा जवळच्या ईएसआय शाखेत जाऊन ती चालू आहे का ते आधी विचारा. त्याच्यासोबत तुम्ही गेलात तर उत्तम. सरकारी खिडकीपुढे एकट्याने उभं राहताना या दिवसांत माणसाचे पाय जड होतात.

आरोग्यविम्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. कंपनीचं गटविम्याचं कवच नोकरीबरोबर संपतं. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेऊन जुन्या प्रतीक्षा कालावधीचा फायदा पुढे नेता येतो, पण त्यासाठी कवच जिवंत असताना अर्ज करावा लागतो. आई-वडील त्याच गटविम्यात असतील तर हे काम पहिल्या दिवसाचं. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्वांसाठी खुली आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. ती कोणत्या रुग्णालयात चालते हे आजारपणाआधीच बघून ठेवलेलं बरं.

मग वही. नानांनी पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिला होता: किती महिने? हातात असलेली रक्कम भागिले महिन्याचा खर्च. समजा बँकेत 1,80,000 आहेत आणि घर 60,000 वर चालतं, तर उत्तर तीन महिने. खर्च 45,000 वर आणला तर चार. वर ग्रॅच्युइटीचे 1,20,000 आले तर साडेसहा महिन्यांच्या पुढे. हे उत्तर कागदावर येईपर्यंत माणूस 'आता रस्त्यावर येणार' या भीतीत असतो. उत्तर आल्यावर त्याला कळतं की गणपतीपर्यंत चूल पेटती आहे. भीतीला तारीख मिळाली की ती आटोपशीर होते, असा माझा अनुभव आहे.

खर्च कापताना घरातलं बाईमाणूस बसलेलं हवं, पुरुषांना कुठे पैसे जातात हे खरंच ठाऊक नसतं. आरोग्यविमा आणि टर्म विमा यांचे हप्ते कापू नयेत. तारीख चुकलीच तर मासिक हप्त्याला पंधरा दिवस आणि वार्षिकला तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात भरावा. म्युच्युअल फंडाची एसआयपी मात्र थांबवता येते, त्यात कमीपणा नाही. नवी भिशी धरू नये. चालू भिशीची पाळी अजून आली नसेल तर मंडळींना खरं सांगून ती लवकर मागावी, बहुतेक भिश्यांत बायका ऐकतात.

आणि आहेर. मे महिन्यात नोकरी गेलेल्या घराला लग्नाच्या पत्रिकांची जी धडकी भरते ती बाहेरच्याला कळत नाही. तुम्ही नात्यातले असाल तर "आपण यंदा सगळे मिळून एकच आहेर करतोय" असं ठरवून टाका आणि त्याचा वाटा किती याची चर्चा कुणापुढे करू नका.

कर्जाच्या बाबतीत हप्ता बाउन्स व्हायच्या आधी बँकेत जावं. लाजेने सगळे उलट करतात. हप्ता परत गेला की दोन्हीकडून दंड लागतो, पत खाली येते आणि नव्वद दिवस थकलं की खातं अनुत्पादक ठरतं. त्याआधी शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून हप्ता कमी करा अशी विनंती करता येते. ती मान्य करणं बँकेवर बंधनकारक नाही, पण नोकरी गेल्याच्या पत्रासह वेळेत आलेल्या जुन्या ग्राहकाशी बोलायला त्या सहसा तयार असतात. वसुलीच्या माणसांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली नाही. नातेवाइकांना फोन करून बदनामी करणं तर अजिबातच नाही. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं, त्यांचा मदत क्रमांक 14448.

क्रेडिट कार्डावर 'किमान देय रक्कम' भरून महिना ढकलणं सोपं वाटतं. उरलेल्यावर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. सोनं घरात असेल तर बँकेत तारण ठेवून कार्ड फेडणं कितीतरी स्वस्त पडतं. मंगळसूत्राला हात लावू नये असं मी म्हणणार नाही. ते त्या घरातल्या बाईने ठरवावं. पाच मिनिटांत कर्ज देणारी मोबाइल अॅप्स मात्र दारातही उभी करू नयेत. जे अॅप फोनमधले संपर्क आणि फोटो मागतं ते कर्जासाठी ते मागत नसतं. अशा जाळ्यात अडकून धमक्या सुरू झाल्याच तर 1930 वर फोन करावा, पैसे भरत राहू नये.

इथे तुमच्यासाठीही एक इशारा. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहायची विनंती येईल. प्रेमाने सही करू नका. जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे, कर्ज थकलं की वसुली तुमच्या पगारावर येते आणि मग दोन घरं बुडतात, वर नातंही. त्यापेक्षा झेपेल तेवढी रक्कम सरळ द्या.

पैसे देण्याचीही रीत असते. परत आले नाहीत तरी ज्याची आठवण काढून तुम्ही चिडणार नाही, तेवढेच द्यावेत. मागायची वेळ आणू नये. मागताना माणूस अर्धा मरतो. रोख हातात देण्यापेक्षा शाळेची फी, विम्याचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स यांतलं एखादं "हे या तिमाहीला माझ्याकडे" म्हणून उचललं तर घेणाऱ्याला जड जात नाही. त्याला उसनेच हवे असतील तर उसने द्या, आणि वहीत त्याच्या हाताने लिहू द्या. लिहून घेतल्याने त्याचा मान राहतो. आणि याबद्दल तुमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर एक अक्षर टाकू नका.

पीएफचा मोह मोठा. ऑक्टोबर 2025 मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी सुटताच तीन चतुर्थांश रक्कम काढता यावी, पूर्ण खातं रिकामं करायला मात्र बारा महिने बेकारी हवी. आधी ही मुदत दोन महिन्यांची होती. काढता येतात म्हणून काढू नयेत. पस्तिशीतल्या माणसाचे तीन लाख सव्वाआठ टक्क्यांनी वीस वर्षं पडून राहिले तर साडेचौदा लाखांच्या पुढे जातात. शिवाय पाच वर्षांची सलग नोकरी व्हायच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. वहीतले महिने संपत आले की मगच, लागेल तेवढेच काढावेत. कराचं निघालंच आहे तर एक चांगली बातमी: वर्षाच्या मध्येच पगार थांबला असेल तर कापून गेलेला कर वर्षभराच्या उत्पन्नाच्या मानाने जास्त झालेला असतो. विवरणपत्र भरलं की तो परत येऊ शकतो. नोकरी नाही म्हणून रिटर्न भरायचं नाही, असं करणारे आपलेच पैसे सरकारकडे सोडून देतात.

काम शोधण्यात तुमची मदत कुठे होईल? बायोडाटा वाचून देण्यात. माणसं स्वतःबद्दल फार कंजूष लिहितात. मी 'स्टोअर कीपर, सहा वर्षं' एवढंच लिहिलं होतं. नानांनी विचारलं, "किती रुपयांचा माल सांभाळायचास? तूट किती यायची?" उत्तरं लिहिल्यावर कागद वेगळाच दिसू लागला. नोकरी देतो म्हणून आधी नोंदणी, ट्रेनिंग, लॅपटॉप अशा नावाखाली पैसे मागणारा प्रत्येक जण चोर समजावा. या दिवसांत शहाणी माणसंही फसतात, कारण त्यांना विश्वास ठेवायची गरज असते.

मिळालं ते काम खालचं वाटलं तर हसू नका, आणि दुसऱ्यांना हसू देऊ नका. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार घरी बसले आणि त्यांतले कितीतरी परत मशिनवर गेलेच नाहीत. त्या गिरणगावात अनेक घरं बायकांच्या खानावळीवर तगली. या खानावळवाल्या सावकाराच्या आणि वाण्याच्या उधारीत पिचलेल्या होत्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्येच अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. घराचा पैसा कधी कधी ज्या दाराकडे कुणाचं लक्ष नव्हतं त्या दाराने येतो. बायकोने डबे सुरू केले, मुलाने शिकवण्या घेतल्या, तर कर्त्या पुरुषाला ते लागतं. तेव्हा त्याच्याशी बोलायला बाहेरचाच कुणी लागतो.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जरा जास्त लक्ष ठेवा. सुरुवातीची वर्दळ ओसरलेली असते, फोन येईनासे होतात. दाढी वाढते, दुपारी झोप, रात्री जागरण, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" अशी वाक्यं. असं काही दिसलं तर आडून विचारू नका. जीव नकोसा झालाय का, जीव द्यायचे विचार येतात का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलिमानसचा क्रमांक 14416, दिवसरात्र चालू, विनाशुल्क, मराठीतही बोलता येतं. उत्तर 'हो' आलं तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका.

नाना दर दुसऱ्या रविवारी यायचे. वही उघडायची, महिने मोजायचे, चहा प्यायचा, मग क्रिकेटवर बोलायचं. कधी उपदेश नाही. पाचव्या महिन्यात मला भोसरीत काम लागलं, आधीपेक्षा चार हजारांनी कमी. मी नानांना सांगायला गेलो. त्यांनी पाठीवर थाप मारली आणि विचारलं, नव्या ठिकाणी जुना पीएफ नंबर दिलास का? दिला म्हटलं. खुशीत होतो, पेढे आणायला निघालो, तर दारातूनच हाक मारली.

"वाण्याची उधारी किती राहिली रे?"

"अकराशे चाळीस."

"मग पेढे पावशेरच आण."